एका किकची गाडी

गजेंद्रभाऊ बोबड्यांनी जुनी जपानी मोटरसायकल घेतली, तेव्हा अमरावतीच्या साईनगरातल्या त्यांच्या अंगणात एक चालती मोटरसायकल, रागिणीवहिनींची स्कूटर आणि रविवारी पुसण्यापुरती बाहेर निघणारी एक कार आधीच उभी होती. त्यामुळे ‘ही काहून घेतली’ या प्रश्नाला त्यांच्याजवळ धड उत्तर नव्हतं. एक धड उत्तर नसलं की माणूस बरीच उत्तरं तयार ठेवतो. पाटबंधारे खात्यातल्या सहकाऱ्यांना त्यांनी सांगितलं की ही गुंतवणूक आहे, अशा गाड्यांचे भाव दरवर्षी चढतात. शेजारच्या नत्थुजींना सांगितलं की असं लोखंड आता येत नाही. पुण्यात शिकणाऱ्या आरतीला, म्हणजे मुलीला, फोनवर सांगितलं की तुझ्या आईनं हो म्हटलं आहे. आणि आरतीच्या आईला सांगितलं की आरती हो म्हणाली.

खरं म्हणजे सगळं अकोल्याला घडलं होतं. एका नातेवाइकाकडे साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. पंगत बसली होती, गजेंद्रभाऊंच्या पानात गरम वांग्याची भाजी पडली होती, आणि बाहेरच्या रस्त्यावरून एक आवाज गेला. हल्लीच्या मोटरसायकली एक तर घशात कफ अडकल्यासारख्या घुरघुरतात नाही तर अजिबातच बोलत नाहीत. हा आवाज तसा नव्हता. तापलेल्या भट्टीत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा सुटा, कोरडा, खुशीत असलेला आवाज होता. गजेंद्रभाऊ भाजी तशीच टाकून उठले. पंगतीतून मधेच उठलेल्या माणसाबद्दल लोक जे समजायचं ते समजले आणि कुणीतरी त्यांना संडासाची वाट दाखवली. त्यांनी ती वाट सोडली आणि आवाजाची धरली.

दोन गल्ल्या पलीकडे एका घराच्या फाटकात ती उभी होती. काळी, सडपातळ, टाकीवर लाल पट्टा, नव्वद सालाच्याही आधीची यामाहा आरएक्स हंड्रेड. या गाडीच्या शौकिनांत एक नियम आहे. ते आधी गाडीकडे बघत नाहीत, खाली वाकून इंजिनाकडे बघतात. पहिल्या काही वर्षांत इंजिनं थेट तिकडून आली होती आणि त्यांच्यावर जपानचं नाव उठवलेलं असायचं. गजेंद्रभाऊ लग्नाकार्याच्या कडक इस्तरीच्या कपड्यांत परक्या माणसाच्या दारात ओणवे झाले. नाव होतं.

“सापडलं का?” वरून आवाज आला.

हे जानराव खंडारे. कृषी खात्यातून निवृत्त झालेले. अकोट तालुक्यातल्या काळ्या मातीतून याच गाडीवर त्यांनी आयुष्यभर कपाशीवरची बोंडअळी बघत फिरती केली होती. मागच्या काळात एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुण्याहून मुलानं, अनुपनं, रोज फोन करून गाडी विका म्हणून टुमणं लावलं, आणि शेवटी ती विकायची असं घरात ठरलं होतं. पण ठरणं आणि विकणं यांत जानरावांनी चांगलंच अंतर ठेवलं होतं. आजवर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

त्यांनी गजेंद्रभाऊंची रीतसर मुलाखत घेतली. गाडी उन्हात उभी राहील की सावलीत. घरात कॉलेजात जाणारा पोरगा आहे का, असला तर विषय इथंच संपला. आवाज मोठा करायला सायलेन्सर कापणार का. गजेंद्रभाऊंना नोकरीच्या वेळी एवढे प्रश्न विचारले गेले नव्हते. त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली, मुलगा नसल्याचं तर जरा अभिमानानंच सांगितलं. मग त्यांनी गाडी चालू करून दाखवा म्हटलं. जानराव म्हणाले, आधी आत बसून चहा घ्या. ते बाहेर गेले, पाठोपाठ त्यांच्या पत्नी दुर्गाबाईही काहीतरी काम काढून गेल्या, आणि गजेंद्रभाऊंच्या हातातला कप ओठांशी पोचतो न पोचतो तोच बाहेर लाह्या फुटू लागल्या.

“एका किकमंधी,” जानराव उंबऱ्यात येऊन म्हणाले. “दुसरी माराची गरजच नाई.”

किंमत त्यांनी अशी सांगितली की घासाघीस करायची गजेंद्रभाऊंनाच लाज वाटली. अट मात्र एक घातली. गाडी आज न्या, पण नावावर करून द्यायची सही लगेच मिळणार नाही. लोक हौसेनं जुनी गाडी नेतात, दोन रविवार मिरवतात आणि मग तिच्यावर कांद्याची पोती रचतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. “ज्याच्या पायानं चालू होते, गाडी त्याची,” ते म्हणाले. “तुमच्या पायाले ओळखू द्या तिले. मी येतो, पाह्यतो, मंग सही.”

गजेंद्रभाऊंना ही अट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं कौतुक वाटलं. त्यांनी हसून मान डोलावली. ती मान पुढं त्यांना फार महागात पडली.

पहिली किक त्यांनी तिथंच, जानरावांच्या फाटकात मारली. काही झालं नाही. मग ते मारत राहिले. इस्तरी मोडली, शर्ट पँटीतून बाहेर आला, साक्षगंधाचं गंध घामाबरोबर नाकावर उतरलं. जानराव म्हणाले की परक्या माणसाशी ती पहिल्यांदा अशीच वागते. अखेर गल्लीतल्या चार जणांनी धक्का मारला आणि गाडी चालू झाली. गजेंद्रभाऊंनी निरोपाचा हातही केला नाही, कारण हात काढला आणि बंद पडली तर पुन्हा चार माणसं कुठून आणायची.

अकोला ते अमरावती हा रस्ता गजेंद्रभाऊंनी त्या दिवशी न थांबता पार करायचा निश्चय केला. रागिणीवहिनी साक्षगंधातच राहिल्या होत्या, त्या नंतर एसटीनं येणार होत्या, आणि नवरा पंगतीतून उठून कुठं गेला हे त्यांना फोनवरून कळलं होतं. मूर्तिजापूर आलं, चहाची तलफ आली, दोन्ही मागं गेली. सुरुवातीचा आनंद मोठा होता. वारा, कपाशीची शेतं, मागं निळसर धूर, आणि ट्रकवाले बाजूला येऊन अंगठा दाखवत होते. गजेंद्रभाऊंना आयुष्यात कुणी ट्रकवाल्यानं अंगठा दाखवला नव्हता, दाखवली होती ती वेगळीच बोटं. पण पेट्रोल संपत आलं आणि पंपावर थांबणं भाग पडलं. तिथं गाडी बंद करावीच लागते. त्यांनी भरणाऱ्याला विनंती केली की चालूच राहू दे. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. गाडी बंद झाली, आणि पंपावरच्या मंडळींनी त्यांना हमरस्त्यापर्यंत धक्का मारला. धक्का मारता मारता त्यांतला एक जण सांगत होता की आमच्याकडेही हीच होती, बाबानं विकली, घरात कुणी बाबाशी बरं बोलत नाही. बडनेऱ्याच्या पुलावर ती आणखी एकदा बंद पडली. तिथं धक्का मारणाऱ्यानंही आपल्या काकाच्या गाडीची हकिगत सांगितली. गजेंद्रभाऊंच्या लक्षात आलं की हे लोक आपल्याशी बोलतच नाहीत, गाडीशी बोलतात. आपण फक्त ती धरून उभे आहोत.

दुसऱ्या दिवसापासून साईनगरात सकाळचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. गजेंद्रभाऊ बनियनवर अंगणात येत, गाडीला हात लावून काहीतरी पुटपुटत आणि किक मारायला लागत. नत्थुजी आपली खुर्ची घेऊन कुंपणाशी बसत. ते बडनेऱ्याला रेल्वेत इंजिनचालक होते, त्यामुळे चाकावर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आपला अधिकार आहे असं ते समजत. त्यांचं म्हणणं होतं की इंजिन थंड आहे, त्याला आधी तापवलं पाहिजे. कशानं, हे ते सांगत नसत. समोरच्या मनकर्णाबाईंचं म्हणणं होतं की गाडी घरात आली त्या दिवशी लिंबू-मिरची बांधली नाही, तिथंच चुकलं. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक प्राध्यापक येऊन सांगून गेले की यात पाय नव्हे तर पाठ वापरायची असते. त्यांनी स्वतः करून दाखवलं आणि पुढचा आठवडा ते आडवे झोपून होते.

कधी चुकून चालू झालीच तर धूर मनकर्णाबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाई. त्यांनी त्यातल्या दोन तळून वहिनींकडे पाठवल्या. सोबत निरोप होता की चव घेऊन बघा आणि आम्हाला सांगा. वहिनींनी चव घेतली आणि उरलेली कुरडई नवऱ्याच्या ताटात ठेवली. ती कुरडई गजेंद्रभाऊंना धुरापेक्षा जास्त झोंबली.

मिस्त्री कुलदीप हा माणूस मनानं उदार होता. गाडी बघताच तो म्हणाला की प्लग गेला. प्लग बदलल्यावर म्हणाला की कार्बोरेटर आहे. कार्बोरेटर झाल्यावर त्याचा संशय हळूहळू सगळ्या गाडीवर पसरत गेला. एक भाग तर अस्सल जपानी हवा म्हणून त्यानं अकोटच्या कुणाकडून तरी एसटीच्या पार्सलनं मागवला. गजेंद्रभाऊ तो घ्यायला बसस्थानकावर गेले तेव्हा पार्सल वेगळ्याच गाडीनं पुढं परतवाड्याला गेलं होतं. ते परत आणायला आणखी एक शनिवार गेला. त्या भागानं काही फरक पडला नाही, पण तो बसवल्यावर कुलदीप थोडा वेळ हात जोडून उभा राहिला, त्यामुळे गजेंद्रभाऊंनाही उभं राहावं लागलं.

ऑफिसात गाडी नेणं तर प्रतिष्ठेचा प्रश्न झाला होता. गुंतवणूक आहे म्हणून जाहीर केल्यावर ती दाखवणं आलं. त्यांनी युक्ती काढली. उतारावर गाडी लावली की धक्क्याला माणसं लागत नाहीत, आपली आपण घरंगळते आणि चालू होते. पण अमरावती शहर याबाबतीत फार सपाट. ऑफिसच्या मागच्या गल्लीत एकच बरा उतार होता आणि तो एका प्रसूतिगृहाच्या दारासमोर होता. गजेंद्रभाऊ रोज सकाळी घरून धक्क्यानं निघून तिथं गाडी लावत, संध्याकाळी तिथून घेत, आणि घरंगळायच्या आधी थोडा वेळ हँडलवर हात ठेवून चिंतेत उभे राहत. तिथल्या चौकीदाराला त्यांची दया आली. काही दिवसांनी तो विचारायला लागला, अजून काहीच नाही का? गजेंद्रभाऊ गाडीबद्दल समजून म्हणत, नाही हो, रोज वाट पाहतो आहे. चौकीदार धीर देई, की पहिल्या वेळी उशीर होतोच.

एका संध्याकाळी वहिनी शिकवत त्या शाळेतल्या शिक्षिका हर्षाबाई आपल्या भावजयीला भेटायला त्याच प्रसूतिगृहात गेल्या. दारातच त्यांना चौकीदारानं सांगितलं की ते बघा, ते साहेब रोज येतात, बिचाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघवत नाही.

त्या रात्री जेवताना वहिनींनी वरण वाढलं, पळी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “तुमी प्रसूतिगृहासमोर रोज काय करून राहिले?”

गजेंद्रभाऊंनी खरं ते सांगितलं. उताराबद्दल, घरंगळण्याबद्दल, चौकीदाराबद्दल. सांगता सांगता त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं. वहिनींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या स्वतः जाऊन तो उतार बघून आल्या आणि मगच त्यांचं समाधान झालं. समाधान झालं म्हणजे संशय गेला. त्याच्या जागी जे आलं ते गजेंद्रभाऊंच्या दृष्टीनं संशयापेक्षा वाईट होतं. वहिनींना हसू यायला लागलं.

आणि या सगळ्यावर जानराव होते. ते रोज सकाळी फोन करत. माणसांची खुशाली एका वाक्यात आटोपून मग विचारत की आज कितव्या किकला झाली. गजेंद्रभाऊ आकडा कमी करून सांगत, तरी तो आकडा ऐकून पलीकडं उसासा ऐकू येई. मग ते प्रत्यक्षच यायला लागले. एसटीनं यायचे, काठी टेकत अंगणात शिरायचे, आणि वहिनींना जय भीम घालून थेट गाडीपाशी जायचे. साखळी बघायचे, टाकीवरून हात फिरवायचे, आणि कुठं नवा ओरखडा दिसला तर कुणी काही विचारायच्या आत डोळे पुसायचे. जेवायला बसले की मात्र प्रसन्न. वहिनींच्या हातची झुणका-भाकर त्यांना आवडली. अकोट तालुक्यातल्या पावसाळी रात्री, चिखलात रुतलेली गाडी आणि बैलजोडी लावून ती काढणारे शेतकरी यांच्या गोष्टी ते रंगवून सांगत. निघताना गजेंद्रभाऊ अंगणात किक मारून दाखवत, गाडी ढिम्म राही, आणि जानराव सहीचा कागद घडी घालून परत खिशात ठेवत.

इकडं गाडीच्या फेरनोंदणीची तारीख जवळ आली होती. जुन्या गाडीला ती ठरावीक काळानं करावीच लागते, आणि ज्याच्या नावावर गाडी नाही त्याला ती करता येत नाही. परिवहन कार्यालयातला माणूस सभ्य होता. त्यानं सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की साहेब, सही आणा, बाकी अडचण नाही. विक्रेता सही का देत नाही, असंही त्यानं सहज विचारलं. माझ्या पायानं गाडी चालू होत नाही म्हणून, हे उत्तर गजेंद्रभाऊंच्या ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. ते चार वेळा खात्याचे उत्कृष्ट कर्मचारी ठरले होते.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांचा धीर संपला. नत्थुजी खुर्ची घेऊन येत होते. गजेंद्रभाऊंनी किक मारली, ती उलटली आणि नडगीवर बसली. ते पायरीवर बसले, नडगी चोळली आणि म्हणाले की ही परत द्यायची. पैसे मिळाले तर मिळाले. असं झालं तर आपण खूश होऊ, असं वहिनींना आजवर वाटत होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना बरं वाटलं नाही. त्या आत गेल्या, साडी बदलून आल्या आणि म्हणाल्या, मीही येते.

मालवाहू टेम्पोत दोरांनी बांधलेली गाडी घेऊन ते दोघं अकोल्याला गेले. जाताना रस्त्यात ट्रकवाल्यांनी अंगठे दाखवले नाहीत. गाडीकडं बघून त्यांनी माना हलवल्या, आजारी माणसाला बैलगाडीतून नेताना बघावं तसं.

जानराव घरी नव्हते, गुडघ्याच्या व्यायामाला गेले होते. दुर्गाबाईंनी दार उघडलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बोलायला मोजक्या. टेम्पोवाल्यानं गाडी अंगणात उतरवली. गजेंद्रभाऊंनी खाली मान घालून सांगितलं की ती माझ्याशी जमवून घेत नाही, मी परत द्यायला आणली. दुर्गाबाईंनी गाडीकडं बघितलं, मग त्यांच्या नडगीकडं. पदर खोचला. पेट्रोलचा कॉक उघडला. किकवर पाय ठेवून ती अगदी सावकाश खाली नेली, कुठंतरी अडकल्यासारखी झाली तशी वर आणली, आणि मग अंगाचं वजन एकदाच सोडलं.

गाडी चालू झाली.

गजेंद्रभाऊ, वहिनी आणि टेम्पोवाला असे तिघं बघत उभे राहिले. दुर्गाबाईंनी पदर सोडला आणि विद्यार्थ्याला न कळलेली बेरीज समजावून सांगावी तशा म्हणाल्या, “यायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवापासून मीच मारत होती किक. हे फकस्त बसत. मंग माही टाच दुखाले लागली, म्हून गाडी इकाची ठरली.”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जानराव दिसले. आवाज ऐकून ते काठीसह जवळजवळ धावत येत होते, ऑपरेशन झालेल्या माणसानं धावू नये तसे. फाटकात आले, सगळ्यांचे चेहरे बघितले, बायकोचा चेहरा बघितला आणि जागीच थांबले. काय झालं ते त्यांना विचारावं लागलं नाही.

ते ओट्यावर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, “घेणाऱ्याले कसं सांगू, की बायको चालू करून देते म्हून. आन् खरं सांगू का भाऊ, तुमच्यानं ती चालू नाई झाली की मले बरं वाटे. वाटे, गाडी येईन वापस.”

गजेंद्रभाऊंना राग यायला हवा होता. त्यांनी तो गोळा करायचा प्रयत्नही केला. प्लग, कार्बोरेटर, परतवाड्याला गेलेलं पार्सल, प्रसूतिगृह, कुरडई, सगळं आठवून पाहिलं. पण अंगणात गाडी चालू होती आणि तो आवाज चालू असताना त्यांना रागावता येईना.

त्यांच्याऐवजी वहिनीच पुढं झाल्या. त्या दुर्गाबाईंना म्हणाल्या की बाई, मला दाखवा. दुर्गाबाईंनी गाडी बंद केली आणि दोन शिक्षिका तिच्याजवळ उभ्या राहिल्या. “जोर नाई लावाचा,” दुर्गाबाई म्हणाल्या. “आधी पायानं इचाराचं, मंग वजन सोडाचं.” वहिनींनी चपला काढून ठेवल्या, दुर्गाबाईंनी त्या लगेच घालायला लावल्या. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. गजेंद्रभाऊ सल्ला द्यायला पुढं सरकले, तेव्हा दोघींनीही त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की ते पर्स आणि हेल्मेट धरून मागं जाऊन उभे राहिले. पुढच्या खेपेला लाह्या फुटल्या.

वहिनी हसल्या नाहीत. हँडलवर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या, गाडीची थरथर हातातून वर येत होती ती त्यांना जाणवत असावी. गजेंद्रभाऊंनी त्यांचा असा चेहरा फार दिवसांत बघितला नव्हता.

जानरावांनी खिशातून कागद काढला. घडी उलगडून मांडीवर सपाट केला, चष्मा लावला, आणि सही केली. अट मोडली असं कुणाला वाटू नये म्हणून इतकंच म्हणाले की घरातल्या कुणाच्याही पायानं झाली तरी चालते, आमच्याकडं तसंच होतं.

फेरनोंदणी झाली. तपासणीच्या दिवशी वहिनींनी शाळेतून अर्धी रजा काढली, कार्यालयाच्या पटांगणात किक मारली आणि बाजूला झाल्या. तपासणारे साहेब गाडीपेक्षा गजेंद्रभाऊंकडंच जास्त वेळ बघत होते, पण तसा काही नियम त्यांना सापडला नसावा. साईनगरातही आता सकाळी वहिनी किक मारत, गजेंद्रभाऊ बसत, आणि नत्थुजी कुंपणापलीकडून सगळ्यांना सांगत की तापवायचं आपणच सुचवलं होतं.

फक्त जानरावांचे फोन बंद झाले. ते यायचेही थांबले. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्यावर चौकशी करणं त्यांना बरं दिसलं नसावं. सुरुवातीला गजेंद्रभाऊंना सुटल्यासारखं वाटलं. मग फोन वाजला की ते उगाच घाईनं उचलायला लागले. रविवारी दुपारी भाकरी करताना वहिनींचाही हात एक जास्तीची थापायला जाई. हिवाळा आला तशी एका रविवारी दोघंजण गाडी काढून अकोल्याला गेले. गजेंद्रभाऊंनी थंडीसाठी हातमोजे आणि खास मोटरसायकलवाल्यांचं जाकीट घेतलं होतं. वऱ्हाडात हे जाकीट वर्षातून फार तर महिनाभर घालता येतं, त्यामुळे ते मूर्तिजापुराच्या उन्हातही त्यांनी अंगातून काढलं नाही.

जानरावांनी फाटक उघडलं, पण गाडीकडं मुद्दाम बघितलं नाही. चहा झाला. मुलांच्या नोकऱ्या, भाव, पाऊस, सगळं बोलून झालं. शेवटी गजेंद्रभाऊंनी किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले की एक चक्कर मारून या. जानराव नको नको म्हणाले. दुर्गाबाई आत गेल्या आणि शाल गुंडाळून बाहेर आल्या. वहिनींनी किक मारली. पाहुण्यांचीच दोन हेल्मेटं घालून म्हातारा-म्हातारी गल्लीतून बाहेर पडली, आणि आवाज कितीतरी वेळ ऐकू येत राहिला.

चक्कर म्हणजे गल्लीची असेल असं गजेंद्रभाऊंना वाटलं होतं. ऊन ओसरलं. वहिनींनी बाजेवर बसून वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या, त्या त्यांनी पर्समध्ये आणल्याच होत्या. जानरावांचा फोन खिडकीत वाजला, म्हणजे तो घरातच राहिला होता. गजेंद्रभाऊंनी गल्लीच्या तोंडापर्यंत बऱ्याच फेऱ्या मारल्या आणि दर फेरीला आणखी वाईट काहीतरी मनात आणलं. संध्याकाळ होत आली तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दुर्गाबाई होत्या. त्या अकोटच्या पुढं कुठल्याशा खेड्यात होत्या. जानरावांना ओळखणारे लोक भेटले होते, ते सोडायला तयार नव्हते, आणि शेतातला हरभरा भाजायला घातला होता. आज यायला जमणार नाही, घराला कुलूप लावून किल्ली शेजारी द्या, असं त्यांनी सांगितलं.

गजेंद्रभाऊंनी विचारलं की गाडी चालू कुणी करून दिली. दुर्गाबाई म्हणाल्या, मीच. गजेंद्रभाऊंनी काळजीनं टाचेचं विचारलं.

“टाचेचं उद्या पाहू,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी गजेंद्रभाऊंना ऑफिस होतं आणि वहिनींना शाळा. दोघांनी कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि रिक्षानं बसस्थानक गाठलं. अमरावतीच्या एसटीत मागची जागा मिळाली. तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरनं गजेंद्रभाऊंचं जाकीट बघितलं, मांडीवरचे हातमोजे बघितले, आणि त्यालाच वाईट वाटलं.

“गाडी बिघडली का साहेब?” त्यानं विचारलं.

“नाई,” गजेंद्रभाऊ म्हणाले. “चांगली चालून राह्यली.”